पैसे न लावता पोकर शिकायचंय? मग हा क्रम सोडू नका

पोकर शिकायचंय पण खिशातला पैसा लावायचा नाही असं म्हणणारे बरेच जण एकच गोष्ट करतात. फोनवर एक फुकटचं ॲप टाकतात, त्यात आल्या आल्या ढीगभर चिप्स मिळतात, पहिल्याच हाताला ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम पुढे), चिप्स उडाल्या की काही वेळाने ॲप परत देतं, परत ऑल-इन, आणि असं महिनाभर केलं की पठ्ठ्या सांगत सुटतो, मला पोकर येतं. येत काहीच नसतं. बटणं दाबता येतात फक्त.

गोची होते ती चिप्सना काडीची किंमत नसल्यामुळे. फोल्ड करून (म्हणजे पत्ते टाकून देऊन) काही वाचतच नाही म्हटल्यावर फोल्ड कोण करणार, आणि पोकरमधलं अर्धं शहाणपण तर फोल्ड करण्यातच आहे. म्हणून खालच्या क्रमात रुपया कुठेही नाही, पण चिप्स मोजक्या आहेत आणि संपल्या की संपल्या.

हे सगळं टेक्सस होल्डेमबद्दल आहे, म्हणजे प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते आणि मधे पाच सामाईक. ओमाहा वगैरे पोकरचे बाकी प्रकार नंतर बघा.

## तयारी: पत्ते, चिप्स, माणसं

रमी खेळणाऱ्या घरात दोन-तीन कॅट एकमेकांत मिसळलेले असतात आणि कुठला पत्ता कुठे गेला कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे आधी चार रंग वेगळे करा, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, प्रत्येकी १३, एकूण ५२, जोकर बाहेर. सगळ्यांच्या पाठी सारख्या हव्यात. कोपरा दुमडलेला एखादा पत्ता असेल तर तो कॅट मेंढीकोटला ठेवा, पोकरला नको, कारण इथे हातात दोनच पत्ते असतात आणि त्यातला एक जरी पाठीवरून ओळखू आला तरी सगळं मुसळ केरात.

चिप्सचा सेट विकत घ्यायची गरज नाही. चिंचोके १ चे, राजमा ५ चा, आणि कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या २० च्या. प्रत्येकाला २० चिंचोके, ८ राजमा, २ सोंगट्या दिल्या की बरोब्बर १०० होतात. सहा जणांना मिळून १२० चिंचोके, ४८ राजमा आणि १२ सोंगट्या लागतात, कॅरमच्या डब्यात काळ्या-पांढऱ्या मिळून १८ असतात म्हणजे पुरून उरतात. लाल राणी बाजूला ठेवा, ती डीलरचं बटण, म्हणजे पत्ते वाटणारा कोण याची खूण, म्हणून वापरायची आहे.

माणसं चार ते सहा. दोघांत शिकायला बसलात तर सगळे अंदाज चुकीचे बसतात, कारण दोघांच्या खेळात जवळजवळ कुठलाही हात खेळण्यासारखा असतो. आठ-नऊ जण बसले तर नवख्याची पाळी येईपर्यंत तो मोबाइलमध्ये घुसलेला असतो.

आता चिप्सना किंमत आणायची. एका बैठकीला एकदाच १०० मिळणार, परत नाहीत. ज्याच्या संपल्या तो उठून जाणार नाही, तो उरलेल्या वेळात पत्ते पिसणार, वाटणार आणि पॉट (मधे जमलेल्या चिप्स) मोजणार. बैठक संपल्यावर कोणाकडे किती उरल्या ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि महिन्याची बेरीज करत राहा, तळाचा जो असेल त्याने पुढच्या बैठकीला सगळ्यांना चहा करायचा. एवढ्याने भागतं. माणसं चहा टाळायला सुद्धा चिवटपणे खेळतात.

सावधान: "दहा-दहा रुपये लावू की, मजा येईल" असं कोणीतरी म्हणणारच. नको. पैसे आले की माणूस पत्ते उघडे करून दाखवत नाही, "मी इथे काय करायला हवं होतं" असं विचारत नाही, आणि शिकणं तिथेच थांबतं.

## टप्पा १: बेटिंग बंद, फक्त हात ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि नेमका हाच टप्पा लोक उडवतात, कारण तीन पत्ती येत असते. तीन पत्ती येणाऱ्यालाच इथे जास्त काळजी घ्यावी लागते.

पोकरचा उतरता क्रम असा: स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचे ओळीने पाच), फोर ऑफ अ काइंड (चार सारखे), फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी), फ्लश (एकाच रंगाचे पाच), स्ट्रेट (ओळीने पाच), थ्री ऑफ अ काइंड (तीन सारखे), टू पेअर (दोन जोड्या), वन पेअर (एक जोडी), हाय कार्ड (यातलं काहीच नाही, फक्त मोठा पत्ता). एकाच रंगाचे एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी म्हणजे रॉयल फ्लश, ती सगळ्यात वरची स्ट्रेट फ्लशच. आता तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. इथे उलटं, फ्लश म्हणजे आपला कलर, तो स्ट्रेटच्या वर. का ते मोजून बघा, तीन पत्त्यांच्या एकूण २२,१०० जोडण्यांत कलर १,०९६ वेळा येतो आणि सिक्वेन्स ७२० वेळा, म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० जोडण्यांत फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. जे दुर्मिळ ते वर. (तसं बघायला गेलं तर तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्स ४८ आणि ट्रेल ५२, म्हणजे ट्रेल वर ठेवणं हिशोबात बसत नाही, पण ते भांडण गणपतीच्या जागरणासाठी ठेवा.)

सराव कसा करायचा: मधे पाच पत्ते उघडे, प्रत्येकाला दोन उघडे. सातपैकी सगळ्यात भारी पाच कुठले ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं आणि मग कोण जिंकलं ते ठरवायचं. पत्ते गोळा करा, पिसा, पुन्हा. बेटिंग नसल्यामुळे हे भराभर होतं, अर्ध्या तासात ढीगभर हात होतात.

नेहमीच्या चुका:

पाचाऐवजी सात पत्ते मोजणं. मधे राजा, राजा, नव्वी, नव्वी, एक्का असे पत्ते आहेत, तुमच्याकडे दोन राण्या आणि समोरच्याकडे गुलाम-तिर्री. तुम्ही खूश, तीन जोड्या झाल्या! तीन जोड्या असा हात पोकरमध्ये नाही. दोघांचाही हात राजे, नव्व्या आणि एक्का, पॉट अर्धा अर्धा. राण्या गेल्या वाया.

किकर (जोडीबाहेरचा मोठा पत्ता) विसरणं. मधे एक्का, दश्शी, अठ्ठी, चार, दोन. एकाकडे एक्का-राजा, दुसऱ्याकडे एक्का-राणी. दोघांचीही एक्क्यांची जोडी, पण राजावाला जिंकतो. मात्र मधे एक्का, राजा, राणी, नव्वी, चार असतील आणि एकाकडे एक्का-सत्ती, दुसऱ्याकडे एक्का-तिर्री, तर बरोबरी, कारण सत्ती पहिल्या पाचात येतच नाही.

इस्पिक मोठा मानणं. पोकरमध्ये कुठलाच रंग मोठा नाही, बरोबरी म्हणजे बरोबरी.

एक्का फिरवणं. एक्का-दोन-तीन-चार-पाच ही सगळ्यात लहान स्ट्रेट आहे, तीन पत्तीतल्या एक्का-दोन-तीनचा मान तिला नाही. आणि राणी-राजा-एक्का-दोन-तीन ही स्ट्रेटच नाही.

तपासा: लागोपाठ वीस हात सगळ्यांनी न चुकता ओळखले का? एकजण जरी अडखळत असेल तरी पुढे जाऊ नका, कारण बेटिंग सुरू झालं की तो लाजून विचारणार नाही.

## टप्पा २: वाटणी आणि पाळी

लाल राणी एकापुढे ठेवा, तो डीलर. त्याच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड, १ ठेवणार. त्याच्या डावीकडचा बिग ब्लाइंड, २ ठेवणार. हे दोघं पत्ते येण्याआधी ठेवतात. इथे ब्लाइंडचा पत्ते न बघता खेळण्याशी काही संबंध नाही, पत्ते सगळेच बघतात. वाटणी डीलरच्या डावीकडून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, एकेक करत दोन पत्ते. काही घरांत उजवीकडून वाटायची सवय असते, ती इथे सोडावी लागते नाहीतर ब्लाइंडची सगळी गणितं उलटी होतात.

मग चार फेऱ्या. पहिली फेरी फक्त हातातल्या दोन पत्त्यांवर. नंतर वरचा एक पत्ता झाकूनच बाजूला टाकायचा, त्याला बर्न म्हणतात, आणि तीन उघडायचे, तो फ्लॉप. फेरी. परत एक बर्न, एक उघडा, टर्न. फेरी. परत बर्न, एक उघडा, रिव्हर. शेवटची फेरी, मग शो. बर्न का करतात? वरच्या पत्त्याची पाठ सगळ्यांना दिसत असते, त्यावर खूण असेल किंवा तो चुकून कोणाला दिसला असेल तर तो खेळात येऊ नये म्हणून.

पाळीचा नियम दोन भागांत आहे आणि यावर हमखास वाद होतात. फ्लॉपच्या आधी पहिली पाळी बिग ब्लाइंडच्या डावीकडच्याची. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत डीलरच्या डावीकडे जो पहिला खेळात उरलाय त्याची. म्हणजे फ्लॉपनंतर डीलर नेहमी शेवटी बोलतो, आणि ही जागा सोन्यासारखी आहे कारण सगळ्यांचं बघून ठरवता येतं.

हा टप्पा चिप्स न हलवता नुसता तोंडाने करा. पाळी आली की "चेक" (कोणी काही लावलेलं नसताना न लावता पुढे), "कॉल" (समोरच्याएवढंच लावणं), "फोल्ड" म्हणायचं, बस. हात संपला की लाल राणी एक जागा डावीकडे.

सावधान: कोणी बेटच लावली नसेल तर फोल्ड करू नका, चेक करा, फुकट पत्ता बघायला मिळतोय. नवखे लोक हात आवडला नाही की पत्ते फेकून मोकळे होतात.

सावधान: तीन पत्तीसारखा साइड शो इथे नाही आणि मधेच पैसे भरून शो मागताही येत नाही. शो रिव्हरनंतरच. टाकलेले पत्ते हात चालू असताना कोणाला दाखवायचे नाहीत, शेजारच्याला पण नाही.

तपासा: सगळ्यांनी नुसता कॉल केला तर बिग ब्लाइंडला रेझ करायची (बेट वाढवायची) संधी उरते. डीलर त्याला विचारतो का की थेट फ्लॉप उघडतो? थेट उघडत असेल तर अजून दोन चक्रं याच टप्प्यावर.

## टप्पा ३: ठरलेल्या रकमेचं बेटिंग

लगेच नो लिमिटला (कितीही लावता येणाऱ्या खेळाला) जाऊ नका. आधी लिमिट खेळा, म्हणजे फ्लॉपपर्यंतच्या दोन फेऱ्यांत बेट किंवा रेझ २ चाच, टर्न आणि रिव्हरला ४ चाच, आणि एका फेरीत एक बेट आणि तीन रेझ एवढंच. किती लावू हा प्रश्नच काढून टाकला की लावू का नको एवढं एकच ठरवायचं राहतं आणि डोकं तिथे नीट चालतं. ऑल-इनची खाज असणाऱ्यांना हे बोअर होतं. होऊ दे.

चिप्स कशा ठेवायच्या तेही इथेच शिकून घ्या. बेट आपल्या पुढ्यात ठेवायची, मधल्या ढिगात फेकायची नाही, फेरी संपली की डीलर सगळं मधे ओढतो. ढिगात फेकलं की कोणी २ टाकले आणि कोणी ४ यावर भांडण, आणि चिंचोके तर सगळे सारखेच दिसतात. रेझ करायचा असेल तर आधी तोंडाने "रेझ" म्हणा आणि मग चिप्स एकदम पुढे करा. आधी कॉलचे ठेवायचे, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि मग "आणि वर अजून दोन" असं म्हणायचं, याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि ती धरत नाहीत.

तपासा: प्रत्येक पाच-सहा हातांनंतर टेबलावरच्या सगळ्या चिप्स मोजा. चौघं असाल तर ४०० यायलाच हव्यात.

## टप्पा ४: कुठले दोन पत्ते खेळायचे

दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोडण्या असतात, कुठला रंग ते बाजूला ठेवून दोन्ही एकाच रंगाचे की वेगळ्या एवढंच बघितलं की १६९ प्रकार उरतात. यातले बहुतेक टाकून द्यायचे असतात आणि हेच कोणाला पटत नाही.

चार-सहा जणांत सुरुवातीला एवढं धरून चाला. पहिली-दुसरी पाळी असेल तर सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच रंगाचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी. डीलरच्या जागेवर असाल आणि तुमच्या आधी कोणीच रेझ केला नसेल तर यात सगळ्या जोड्या, एक्का आणि त्याच रंगाचा कुठलाही पत्ता, आणि दश्शी-गुलाम, गुलाम-राणी असे शेजारी पत्ते घाला. खेळायचं ठरवलंत तर नुसता कॉल करू नका, रेझ करा. याहून बारीक तक्ते मिळतात पण पहिल्या महिन्यात त्यांचा उपयोग शून्य.

आपल्याकडची लाडकी चूक म्हणजे "दोन बदाम आहेत, बघू तर". एका रंगाचे दोन पत्ते हातात असताना फ्लॉपवरच फ्लश पूर्ण होण्याची शक्यता ०.८४ टक्के, म्हणजे शंभरात एकदाही नाही. रंग जुळल्याने हात दोन-तीन टक्क्यांनीच सुधारतो, त्यामुळे बदाम राजा-दुर्री हा कचराच, फक्त लाल कचरा.

लहान जोडीचंही तसंच. हातात पंजीची जोडी असेल तर फ्लॉपवर तिसरी पंजी यायची शक्यता साधारण १२ टक्के, आठ-नऊ वेळात एकदा. न आल्यावर आणि समोरून जोरात बेट आल्यावर चिकटून बसायचं नाही.

तपासा: पुढचे तीस हात प्रत्येकाने किती वेळा खेळायला घेतले याच्या रेघा मारा. वीसच्या वर रेघा असतील तर तो माणूस अजून ॲपच्या सवयीनेच खेळतोय.

## टप्पा ५: नो लिमिट, पण आधी उघड्या पत्त्यांनी

आता कितीही लावता येईल. दोन नियम पाठ हवेत. रेझ निदान आधीच्या वाढीएवढा हवा, म्हणजे २ वरून कोणी ६ केले तर वाढ ४ ची झाली, पुढचा रेझ निदान १० पर्यंत. आणि हात चालू असताना पुढ्यात जेवढ्या चिप्स आहेत तेवढ्याच लावता येतात.

पहिले काही हात सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळा आणि प्रत्येकाने आपण काय आणि का करतोय ते बोलायचं. असा एक हात बघू. चौघं, प्रत्येकाकडे १००. काका डीलर, ताई स्मॉल ब्लाइंड १, दादा बिग ब्लाइंड २, म्हणजे पहिली पाळी तुमची. तुमच्याकडे बदाम एक्का आणि बदाम गुलाम, तुम्ही ६ करता. काका फोल्ड, ताई फोल्ड, दादाकडे इस्पिक राजा आणि चौकट दश्शी, तो अजून ४ घालून कॉल करतो. पॉट १३.

फ्लॉप: किलवर राजा, बदाम नव्वी, बदाम तिर्री. आधी दादा बोलणार, त्याला राजाची जोडी मिळाली, तो ७ लावतो. पॉट २०. तुम्हाला अजून काहीच लागलेलं नाही पण एक बदाम आला की फ्लश, आणि तीही एक्क्याची. तुम्ही ७ घालता, पॉट २७. (हा कॉल बरोबर का, ते पुढच्या टप्प्यात.)

टर्न चौकट छक्की. दादा चेक, तुम्हीही चेक. रिव्हर बदाम राणी. आता इथे थांबून टेबलावर विचारा, या बोर्डावर (मधल्या पाच उघड्या पत्त्यांवर) यापेक्षा मोठा हात कोणाकडे असू शकतो का? बोर्डावर जोडी नाही म्हणजे फुल हाउस नाही, बदामाची स्ट्रेट फ्लशही होऊ शकत नाही, कारण मधले तीन बदाम, राणी, नव्वी आणि तिर्री, एका ओळीत बसतच नाहीत. म्हणजे तुमचा हात सगळ्यात मोठा, याला नट्स म्हणतात. दादा चेक करतो, तुम्ही १५ लावता, तो राजाच्या जोडीवर कॉल करतो. पॉट ५७ तुमचा.

हिशोब: तुमच्याकडे १२९, दादाकडे ७२, ताईकडे ९९, काकांकडे १००. बेरीज ४००. जुळली.

इथे लोक करतात ती चूक म्हणजे रिव्हरला नट्स आल्या आल्या उरलेल्या ८७ चा ढीग पुढे लोटणं. दादा एका जोडीवर एवढं देणार नाही. १५ दिले असते, ८० दिले नसते.

साइड पॉट पण याच टप्प्यात, आणि तो कागदावर नको, चिप्स मांडून करा. काकांकडे २०, ते ऑल-इन. ताईकडे ५०, ती ऑल-इन. दादा ५० कॉल करतो. मेन पॉट प्रत्येकाचे २०, म्हणजे ६०, यावर तिघांचा हक्क. उरलेले ३०-३० वेगळे, ६० चा साइड पॉट, त्यावर फक्त ताई आणि दादाचा. काकांचा हात सगळ्यात भारी निघाला तरी त्यांना ६० च मिळणार, १२० नाही. काका चिडतील. त्यांना मांडून दाखवा.

## टप्पा ६: जुजबी गणित

ज्या पत्त्यांनी तुमचा हात सुधारतो ते मोजा, त्यांना आउट्स म्हणतात. पुढच्या एका पत्त्यासाठी आउट्स गुणिले दोन, आणि फ्लॉपवरून रिव्हरपर्यंत दोन्ही पत्त्यांसाठी गुणिले चार. फ्लशला एक बदाम हवा असेल तर १३ पैकी ४ दिसले, ९ उरले. एका पत्त्याला १८ टक्के (खरे १९), दोन्हीला ३६ (खरे ३५). दोन्ही टोकांना उघड्या स्ट्रेटला ८ आउट्स, दोन पत्त्यांत साधारण ३२ टक्के. मधला एकच पत्ता हवा असेल तर ४ आउट्स, साधारण १६.

आता वरचा कॉल. २० मिळवायला ७ घालायचे, म्हणजे ७ भागिले २७, २६ टक्के तरी जिंकायची शक्यता हवी. ३५ टक्के आहेत म्हणून कॉल बरोबर, असं बहुतेक जण म्हणतात आणि तिथेच फसतात, कारण ३५ टक्के दोन पत्त्यांचे आहेत आणि दादा टर्नला परत बेट लावू शकतो, मग दुसरा पत्ता बघायला वेगळी किंमत. एका पत्त्याचे १९ च टक्के. तीन एक्के पण धरले तर १२ आउट्स, २५ टक्क्यांच्या आसपास, तरी थोडं कमीच. मग कॉल का? दादाकडे अजून ८७ चिप्स आहेत आणि फ्लश लागली तर त्यातल्या काही मिळणार आहेत, शिवाय दादा आधी बोलतो आणि तुम्ही नंतर. दादाकडे ५ च चिप्स उरल्या असत्या तर हिशोब वेगळा झाला असता.

सराव लोकलमध्ये उभ्या उभ्या पण होतो. मनात कुठलाही फ्लॉप आणि दोन पत्ते घ्या, आउट्स मोजा, गुणा. घरी आल्यावर नेटवरच्या फुकट इक्विटी कॅल्क्युलेटरमध्ये (जिंकायची टक्केवारी काढणाऱ्या) तेच टाकून बघा.

सावधान: एकच आउट दोनदा मोजू नका. फ्लश आणि स्ट्रेट दोन्ही होऊ शकत असतील तर ९ अधिक ८ म्हणजे १७ नाही, १५, कारण दोन पत्ते दोन्हीकडे येतात.

## टप्पा ७: वही

शंभर पानी वही पुरे. चार रकाने: जागा, पत्ते, काय केलं, का केलं. का हा रकाना समोरच्याचे पत्ते दिसायच्या आधी भरायचा, नाहीतर नंतर आपण सगळेच शहाणे असतो. सगळे हात लिहायचे नाहीत, ज्यात डोकं खाजवावं लागलं तेवढेच.

निकालाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. दोन एक्के हातात असताना समोरच्याकडे दोन राजे असतील आणि सगळं मधे गेलं, तरी साधारण १८ टक्के वेळा राजेवाला जिंकतो. त्या दिवशी "उगाच ऑल-इन गेलो" असं वहीत लिहिणारा माणूस पुढच्या वेळी एक्के घाबरत खेळतो. उलट सत्ती-दुर्रीवर ऑल-इन जाऊन जिंकणारा आठवडाभर तेच करतो आणि गावभर सांगतो.

## टप्पा ८: ॲप, आणि ते इतक्या उशिरा का

आता ॲप उघडायला हरकत नाही. झिंगा पोकरसारख्या ॲपवर अनोळखी लोकांशी फुकट खेळता येतं, भराभर हात होतात, पाळी आणि साइड पॉटचा हिशोब आपोआप होतो. पण तिथे समोरचा कशावरही कॉल करतो. त्यामुळे तिथे ब्लफ (हात नसताना बेट लावून घाबरवणं) शिकायला जाऊ नका, ज्याला फोल्डच करायचं नाही त्याला घाबरवणार कसं? चांगला हात आला की जास्त लावा, वाईट असला की टाका, एवढंच तिथून घ्या. वीस मिनिटं झाली की बंद.

ब्लफ आपल्याच माणसांत शिका. भाऊ पुण्यात आणि बहीण टोरांटोला असेल तर पोकर नाऊसारख्या ब्राउझरवरच्या टेबलावर लिंक पाठवून खासगी गेम लावता येतो. तिथेही नियम तोच, प्रत्येकी १००, परत मिळणार नाहीत, हिशोब फ्रिजवर.

सावधान: फुकट ॲपमध्ये सुद्धा चिप्सची पाकिटं विकायला असतात. त्या चिप्स परत पैशांत बदलता येत नाहीत, पण तुमचे गेलेले पैसे खरेच असतात. ॲप स्टोअरवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं सेटिंग आधी करा, घरात पोरं फोन घेत असतील तर नक्कीच.

सावधान: २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने (२२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली) पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ भारतात बंद केलेत, त्यात पोकरही आलं. तरी "फ्री टेबल, फक्त एकदा डिपॉझिट करा" असे मेसेज व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरत असतात. डिपॉझिट, पॅन किंवा बँक खातं मागितलं की ते फुकट नाही, एवढं बघून ब्लॉक करा.

## टप्पा ९: घरची मिनी टूर्नामेंट

नुसतं रोज १-२ ब्लाइंडवर खेळत राहिलात तर सावध माणूस काहीच न करता बसून राहतो. त्यावर उपाय म्हणजे दर १५ मिनिटांनी ब्लाइंड वाढवणं: १-२, २-४, ३-६, ५-१०, १०-२०. फोनवर टायमर लावा. टायमर वाजला तेव्हा चालू असलेला हात जुन्याच ब्लाइंडवर संपवायचा. ५-१० ला पोचलात की चिंचोके राजम्यात बदलून टाका, नाहीतर मोजण्यातच वेळ जातो.

चिप्स कमी उरल्या की खेळ बदलतो. दहा बिग ब्लाइंडपेक्षा कमी उरल्या असतील तर थोडे थोडे घालून फ्लॉप बघण्यात अर्थ नाही, एक तर ऑल-इन नाहीतर फोल्ड, आणि ते फ्लॉपच्या आधीच. ॲपवर फुकटात केलेलं ऑल-इन आणि हे ऑल-इन यात फरक आहे, इथे हरलात की पुढचा तासभर पत्ते वाटत बसायचंय.

शेवटी दोघंच उरले की ब्लाइंडचा नियम बदलतो आणि तिथे बहुतेक घरगुती टेबलं चुकतात. लाल राणी ज्याच्यापुढे आहे तोच स्मॉल ब्लाइंड ठेवतो, दुसरा बिग ब्लाइंड. फ्लॉपच्या आधी राणीवाला आधी बोलतो, फ्लॉपनंतर तो शेवटी. पहिला पत्ता मात्र समोरच्याला द्यायचा, आणि दोघांच्या चिप्स मिळून एकूण बेरीज अजूनही जुळतेय ना ते या टप्प्यावर एकदा मोजून घ्या.